तोल आणि चाल तपासायची कशी? न्यूरो विभागात नव्याने आलेल्या फिजिओथेरपिस्टसाठी

न्यूरो विभागात पहिली पोस्टिंग लागली की हातात फॉर्मांचा गठ्ठा येतो. बर्ग (तोलाच्या चौदा बाबी), टग (खुर्चीतून उठून चालून परत बसणं), दहा मीटर (चालण्याचा वेग), सहा मिनिटं (चालण्याची सहनशक्ती), एबीसी (तोलाबद्दल पेशंटची स्वतःची खात्री), एफजीए (चालतानाचा तोल). प्रत्येकाचे गुण वेगळे, सूचना वेगळ्या. कॉलेजात हे सगळं पाठ झालेलं असतं, तरी पक्षाघाताचा पेशंट समोर व्हीलचेअरवर येऊन बसला की सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही. काढलेल्या आकड्याचं करायचं काय, हा प्रश्न त्यानंतर पडतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. आज काढलेला आकडा सहा आठवड्यांनी दुसऱ्याच कुणाला तरी तंतोतंत तशाच पद्धतीने पुन्हा काढता आला, तरच त्याचा उपयोग. नाहीतर तो फाइल भरण्यापुरता. म्हणून या लेखात खुर्ची, बूट, काठी, घड्याळ असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर मी जास्त बोलणार आहे. गुणांची कोष्टकं फॉर्मवर छापलेलीच असतात.

## १. आधी फाइल वाचा, मग पेशंटला उठवा

पक्षाघात असेल तर स्ट्रोक कधी झाला, मेंदूच्या कोणत्या बाजूला, गुठळीने की रक्तस्रावाने, हे बघा. पेशंट स्ट्रोकनंतरच्या पहिल्या दिवसात असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उभं करण्याची घाई नको. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ॲव्हर्ट चाचणीत पहिल्या २४ तासांत सुरू केलेलं, जास्त प्रमाणातलं उठवणं-चालवणं फायद्याऐवजी तोट्याचं ठरलं होतं.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात म्हणतो ते एम.एस., असेल तर शेवटचा रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा झटका, कधी आला, स्टेरॉइड चालू आहे का, बॅक्लोफेनसारखं ताठरपणा कमी करणारं औषध किती वाजता घेतात, हे लिहून घ्या. औषधाची वेळ हा तपशील बहुतेक जण सोडून देतात. ताठरपणावर उभं राहणारे पेशंट असतात, आणि गोळीनंतर तासाभराने त्यांचेच पाय लटपटतात.

आज तपासणी करायचीच नाही, असे काही दिवस असतात:

- ताप किंवा लघवीचा संसर्ग आहे. एम.एस.मध्ये एवढ्यानेही चाल तात्पुरती बिघडते आणि रिलॅप्स आल्यासारखं वाटतं.
- पोटरी सुजलेली, गरम, दुखरी आहे. ही शिरेतली गुठळी असू शकते. आधी डॉक्टरांना दाखवा.
- गेल्या महिन्याभरात हार्ट अटॅक किंवा अस्थिर छातीदुखी झाली आहे. सहा मिनिटांच्या चाचणीसाठी तर हे स्पष्ट ‘नाही’ आहे.
- कालपर्यंत नसलेलं काही आज दिसतंय: तोंड वाकडं, बोलणं अडखळतं, नवा अशक्तपणा. मग टेस्ट बाजूला ठेवा आणि थेट डॉक्टरांना बोलवा.

झोपलेलं असताना आणि उभं राहिल्यावर, असं दोनदा बीपी घ्या. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचं २० ने किंवा खालचं १० ने उतरलं, तर ‘तोल जातो’ ही तक्रार बीपीची असू शकते. ती बर्गच्या गुणांत दिसणार नाही.

## २. सामान आधी मांडून ठेवा

पेशंट उभा असताना पट्टी शोधायला जाणं हा अपघाताचा हमखास रस्ता.

- दोन खुर्च्या: एक हातांची, एक बिनहातांची. बसायची उंची साधारण ४५ सेंमी. कोणती खुर्ची वापरली ते फॉर्मवर लिहा आणि पुढच्या वेळी तीच घ्या.
- स्टॉपवॉच, मोजपट्टी, ३० सेंमीची फूटपट्टी
- जमिनीला लावायची रंगीत चिकटपट्टी
- पायरीएवढ्या उंचीचं स्टूल
- गेट बेल्ट, म्हणजे चालवताना धरायला पेशंटच्या कमरेला बांधायचा पट्टा
- बीपी मशीन आणि पल्स ऑक्सिमीटर
- कोरे फॉर्म: बर्ग, एबीसी, एफजीए, श्रमाचं बोर्ग मापन
- पेशंटचे नेहमीचे बूट-चपला, काठी, वॉकर, पायाची स्प्लिंट. हे आणायला आदल्या दिवशीच सांगायचं.

कॉरिडॉरमध्ये चिकटपट्टीच्या खुणा कायमच्या करून घ्या. रोज नव्याने मोजून लावल्या की कधी ना कधी चुकतात, आणि ती चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

## ३. विचारा, पण ‘पडलात का?’ असं नको

‘पडलात का?’ म्हटलं की उत्तर ‘नाही’ येतं. पडणं म्हणजे हाड मोडणं किंवा डोकं फुटणं, अशी अनेकांची समजूत असते. पलंगावरून उठताना परत मागे बसलो, बाथरूममध्ये नळ धरून सावरलो, भिंतीला खांदा आपटला, हे त्यांच्या हिशेबात पडणं नसतंच. म्हणून असं विचारा: ‘गेल्या सहा महिन्यांत नकळत जमिनीवर टेकलात का? कशाला तरी पटकन धरावं लागलं असं कितीदा झालं? त्या वेळी काय करत होता? कोणत्या बाजूला गेलात?’ हेच प्रश्न नातेवाइकांनाही विचारा, जमलं तर वेगळं बोलावून. दोन्ही उत्तरं जुळत नाहीत तेव्हा मी बहुधा नातेवाइकांवर विश्वास ठेवते.

मग एबीसी फॉर्म. यात सोळा रोजची कामं असतात, आणि प्रत्येक काम तोल न जाता करता येईल याची खात्री किती, ते शून्य ते शंभर टक्क्यांत सांगायचं असतं. पेशंटला टक्के कळत नसतील तर शंभर म्हणजे पूर्ण खात्री, शून्य म्हणजे अजिबात नाही, असं कागदावर रेघ काढून दाखवा. खात्री खूप आणि तोल कमी, हा सगळ्यांत धोक्याचा पेशंट. उलट, तोल ठीक पण खात्री नाही असा पेशंट घराबाहेरच पडत नाही आणि हळूहळू पायांतली ताकद गमावतो. दोघांचे बर्गचे गुण सारखे येऊ शकतात. उपचार मात्र सारखे नसतात.

शेवटी विचारा, ‘तुम्हाला काय करता यायला हवंय?’ उत्तर पेशंटच्याच शब्दांत लिहून ठेवा. चाचणी निवडताना लागतं.

## ४. बसलेलं असतानाच बरंच काही कळतं

उभं करण्याआधी पाच मिनिटं पलंगाच्या कडेला पाय टेकवून बसवा. पाठीला आधार नाही. आता हात न लावता नुसतं बघा.

एका बाजूला कलतायत का? सरळ करायला गेल्यावर काय होतं? पक्षाघातात काही पेशंट चांगल्या हाताने पलंग दाबून स्वतःला लुळ्या बाजूकडे ढकलतात, आणि तुम्ही सरळ करू लागलात की घाबरून अजून जोरात ढकलतात. त्यांच्या शरीराला तिरकं हेच सरळ वाटत असतं. याला पुशिंग म्हणतात. इथे ‘सरळ बसा हो’ असं दहादा सांगून काही होत नाही. दाराची चौकट दाखवून ‘या रेषेला जुळवा’ म्हटलं तर थोडं जमतं, कारण डोळ्यांनी दिसणारं सरळ त्यांना अजून कळतं.

मग एकेक तपासा. पायाची ताकद, घोट्याचा ताठरपणा, अंगठा वर केला की खाली हे डोळे मिटून सांगता येतं का, एका बाजूचं दिसतंय का, त्या बाजूकडे लक्ष तरी जातं का. बोललेलं समजतंय का हेही. ॲफेजिया, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषा समजण्या-बोलण्यात अडचण, असेल तर ‘डावा पाय पुढे’ या सूचनेला अर्थ नाही. पायाला हात लावून दाखवा, स्वतः करून दाखवा. नाहीतर तुम्ही तोलाची नव्हे, भाषेची परीक्षा घेत असता.

आणि एक: उठवताना लुळा हात धरून ओढायचं नाही. खांदा निखळायला आलेला असतो. नातेवाईक हमखास तिथेच धरतात, त्यांनाही त्याच वेळी सांगा.

## ५. चाचणी निवडा, सगळ्या करू नका

फॉर्म आहे म्हणून भरायचा नसतो. मी साधारण अशी विभागणी करते.

आधाराशिवाय बसताही येत नसेल तर बर्गमध्ये शून्याच्या आसपास गुण येतील, महिन्याभराने थोडी सुधारणा झाली तरी तेवढेच येतील, आणि पेशंट उगाच खचेल. त्यापेक्षा पास घ्या, म्हणजे पक्षाघातासाठीच बनवलेलं शरीरस्थितीचं मापन. बारा बाबी, एकूण ३६ गुण; अंथरुणात कुशीवर वळण्यापासून सुरुवात असल्यामुळे छोटी प्रगतीही त्यात दिसते.

उभं राहता येतं, थोडी मदत लागते: बर्ग.

चालता येतं, मग काठीने का होईना: बर्ग, दहा मीटर, टग. दम टिकत असेल तर सहा मिनिटं.

बऱ्यापैकी चालतात आणि बर्ग ५२–५४ च्या पुढे आहे: बर्ग इथे थकतं. त्याला वर जागाच उरत नाही. एफजीए किंवा मिनी-बेस्ट (तोलाचीच आणखी एक अवघड चाचणी) घ्या. एफजीएमध्ये मान फिरवत चालणं, डोळे मिटून चालणं, उलटं चालणं, अडथळा ओलांडणं अशा दहा बाबी आणि ३० गुण आहेत. एम.एस.चे तरुण पेशंट ‘मला काही होत नाही, पण गर्दीत भीती वाटते’ म्हणतात ना, त्यांची अडचण पहिल्यांदा इथे दिसते.

अमेरिकेतल्या अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजिक फिजिकल थेरपीने २०१८ साली सगळ्या न्यूरो पेशंटसाठी सहा चाचण्यांचा गाभा सुचवला: बर्ग, एफजीए, एबीसी, दहा मीटर, सहा मिनिटं आणि पाचदा उठबस. नवख्या माणसाने एवढ्या सहा नीट शिकाव्यात. बाकीच्या पुढे येतीलच.

## ६. बर्ग: सोपी दिसते, तिथेच चुकते

चौदा बाबी, प्रत्येकी ० ते ४, एकूण ५६. वेळ पंधरा-वीस मिनिटं. १९८९ साली ती ज्येष्ठांसाठी तयार झाली, पक्षाघात आणि एम.एस.मध्ये नंतर रुळली. ‘४५ च्या खाली म्हणजे पडण्याचा धोका’ हे वाक्य तिथूनच आलंय, तेव्हा ते लक्ष्मणरेषा समजू नका. ४७ गुणांचा माणूसही पडतो.

नेहमीचे सापळे:

काठी. बर्गमध्ये काठी-वॉकर चालत नाही. स्प्लिंट घातली असेल तर तसं लिहा आणि पुढच्या वेळीही घालूनच करा.

एका पायावर उभं राहणं. कोणता पाय ते पेशंटने निवडायचं असा नियम आहे. अर्धांगाचा पेशंट साहजिकच चांगल्या पायावर उभा राहतो, दहा सेकंद काढतो आणि पूर्ण चार गुण घेऊन जातो. गुण द्या, नियम तोच आहे. पण शेजारी ‘डाव्या पायावर’ असं लिहा, आणि धरून ठेवून दुसऱ्या पायावरही करून बघा. तो आकडा एकूण गुणांत घालायचा नाही, पण उपचार त्याच्यावरच ठरतात.

मधला गुण. दोनदा वेगवेगळं जमलं तर काय द्यायचं? फॉर्ममध्ये लागू पडणारा सर्वांत खालचा गुण द्यायचा असतो. दया दाखवायची जागा ही नव्हे.

वेळ वाचवणं. दोन मिनिटं आधाराशिवाय उभं राहता आलं तर आधाराशिवाय बसण्याचे पूर्ण गुण न तपासता देता येतात. हे अधिकृत सूचनांतच आहे.

स्वतःभोवती गिरकी. ३६० अंशांच्या गिरकीत दोन्ही बाजूंचं वेगवेगळं मोजा. प्रत्येक बाजूला चार सेकंदांच्या आत झालं तरच चार गुण. लुळ्या बाजूकडे वळणं आणि चांगल्या बाजूकडे वळणं यांत मोठा फरक असेल तर तोही लिहा.

डोळे मिटून उभं राहण्याच्या बाबीत थोडं रेंगाळा. डोळे उघडे असताना ठीक आणि मिटल्याबरोबर झोकांड्या, तर पायाखालची जाणीव गेलेली आहे आणि डोळे ती उणीव भरून काढत आहेत. डोळे उघडे असतानाही डुलत असतील तर लहान मेंदूकडे बघा. एम.एस.मध्ये दोन्ही एकत्र सापडतात, वर नजर अंधुक असते, म्हणून घाईने निष्कर्ष नको.

## ७. टग: वळण बघा, घड्याळ नंतर

हातांच्या खुर्चीतून उठायचं, तीन मीटरवरच्या खुणेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. पाठ टेकलेली, हात खुर्चीच्या हातांवर, काठी हाताशी. ‘सुरू’ म्हटल्यावर घड्याळ चालू, बसल्यावर बंद. वेग रोजचा, सुरक्षित वाटेल तो. आधी एकदा न मोजता सराव.

साडेतेरा सेकंद, बारा सेकंद असे आकडे तुम्ही वाचले असतील. ते समाजात वावरणाऱ्या ज्येष्ठांवरून आलेले आहेत. पक्षाघातानंतर पंचवीस सेकंद लागणाऱ्याला ‘धोका आहे’ हे सांगायला घड्याळ कशाला लागतं? या चाचणीतून जे मिळतं ते बघण्यातून मिळतं.

उदाहरणार्थ असे एक काका डोळ्यांसमोर आणा. उजवं अंग गेलेलं, डाव्या हातात काठी. ‘काका, सुरू करा’ म्हटल्यावर पहिल्या झटक्यात उठता येत नाही. परत बसतात, पाय मागे ओढून घेतात, दुसऱ्यांदा उठतात. सरळ चालणं बरं आहे. खुणेपाशी काठी पुढे टेकवून ते उजवीकडे वळायला लागतात. डावा पाय दोन छोटी पावलं टाकतो, उजव्याची टाच जागेवरच, बोटं जमिनीला घासतायत, आणि कंबर पायांच्या आधी वळलेली. तेवढ्यात बायको विचारते, ‘पाणी देऊ का?’ काका थांबतात, तिच्याकडे बघतात, ‘नको’ म्हणतात आणि मगच पुढचं पाऊल टाकतात.

घड्याळात येईल फक्त एक आकडा. फॉर्मवर मात्र हे लिहायचं: उठायला दोन प्रयत्न, उजवीकडे वळताना पाय घासतो, बोलताना थांबतात. शेवटची गोष्ट मोलाची आहे. बोलायची वेळ आली की चालणं थांबवणारे ज्येष्ठ जास्त पडतात, हे १९९७ मध्येच एका अभ्यासात दाखवलं गेलं होतं. मुद्दाम तपासायचं असेल तर दुसऱ्या फेरीत शंभरातून तीन-तीन वजा करत चालायला सांगा. वजाबाकी जमत नसेल तर महिने उलटे म्हणायला सांगा. दोन फेऱ्यांतला फरक लिहा.

एरवी, चाचणी चालू असताना नातेवाइकांना गप्प बसवा. ‘हळू’, ‘जपून’, ‘पाय उचला’ यातलं प्रत्येक वाक्य आकडा बदलतं. तुमचंही.

## ८. दहा मीटर: सगळ्यांत कमी कष्टांत सगळ्यांत उपयोगी

मला एकच चाचणी करायला मिळणार असेल तर मी ही करेन.

दहा मीटरची सरळ वाट. सुरुवातीचे दोन आणि शेवटचे दोन मीटर वेग घ्यायला आणि थांबायला. घड्याळ फक्त मधल्या सहा मीटरचं. पुढच्या पायाची बोटं पहिली खूण ओलांडतील तेव्हा चालू, तसंच दुसऱ्या खुणेवर बंद. काही ठिकाणी चौदा मीटरची वाट घेऊन मधले दहा मोजतात. दोन्ही चालतं, कोणतं केलं ते लिहायलाच हवं.

आधी नेहमीच्या वेगाने, मग जमेल तितक्या जोरात पण सुरक्षित. दोन-दोन फेऱ्या, सरासरी. हिशेब सोपा: अंतर भागिले वेळ. सहा मीटरला १५ सेकंद म्हणजे सेकंदाला ०.४ मीटर. साडेसात सेकंद म्हणजे ०.८.

हे दोन आकडे लक्षात राहू द्या. पक्षाघाताच्या पेशंटवर १९९५ मध्ये झालेल्या कामातून ही विभागणी आली: ०.४ च्या खाली वेग असणारे बहुधा घरातल्या घरात चालतात, ०.४ ते ०.८ वाले थोडंफार बाहेर, ०.८ च्या वरचे बाहेर मोकळेपणी. अपवाद असतात. पण ‘बाबा एकटे बाहेर जाऊ शकतील का?’ या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला इतका साधा दुसरा आधार नाही.

चालताना तुम्ही कुठे असता? पेशंटच्या लुळ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. शेजारी किंवा पुढे चाललात की पेशंट तुमच्या वेगाने चालायला लागतो. बेल्टवर हात हवा, पण बेल्ट ओढायचा नाही, उचलायचा नाही. मदत करावीच लागली तर किती केली ते लिहा.

## ९. सहा मिनिटं

इथे सहनशक्ती मोजायची. मूळ सूचना २००२ सालच्या, तीस मीटरच्या कॉरिडॉरसाठी. वर सांगितलेल्या सहा न्यूरो चाचण्यांच्या गाभ्यात बारा मीटरची वाट सुचवली आहे. वाट आखूड झाली की वळणं वाढतात आणि अंतर कमी भरतं, म्हणून या वेळी तीस आणि पुढच्या वेळी बारा असं करून तुलना करू नका.

आधी आणि नंतर नाडी, बीपी, ऑक्सिजन, बोर्ग. विश्रांतीत नाडी १२० च्या वर किंवा बीपी १८०/१०० च्या वर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मध्ये थांबून भिंतीला टेकायला परवानगी आहे, घड्याळ मात्र थांबत नाही. प्रोत्साहनाची वाक्यं ठरलेली आहेत, तीच म्हणा. छातीत दुखणं, असह्य दम, घाम फुटणं, चेहरा पांढरा पडणं, झोकांडी: यातलं काहीही दिसलं की लगेच थांबवा आणि खुर्ची पुढे करा. खुर्ची वाटेच्या टोकाला नको, कुणीतरी मागून ढकलत आणावी.

## १०. एम.एस.चा पेशंट असेल तर हे बदला

पक्षाघाताचा पेशंट सकाळी जसा चालतो तसाच साधारण दुपारी चालतो. एम.एस.चं तसं नाही. सकाळी दहाला बिनकाठीचा, दुपारी चारला भिंत धरणारा असा एकच माणूस असू शकतो. म्हणून वेळ लिहिणं इथे सक्तीचं, आणि पुन्हा तपासणी त्याच वेळेला. पंखा, एसी, दिवसाची उष्णता हेही लिहा. शरीराचं तापमान थोडं वाढलं तरी लक्षणं तात्पुरती वाढतात. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये व्यायामानंतर नजर अंधुक होते हे नोंदवलं, तोच हा परिणाम. व्यायामानंतर लगेच तोल तपासलात तर काय मोजताय ते तुम्हालाच कळणार नाही.

चाचण्यांचा क्रमही बदला. सहा मिनिटं शेवटी, किंवा सरळ दुसऱ्या दिवशी. दमल्यावर काढलेला बर्ग हा वेगळाच बर्ग असतो.

वेगासाठी एम.एस.मध्ये २५ फुटांची, म्हणजे ७.६२ मीटरची चाचणी रुळलेली आहे. उभ्या जागेवरून सुरुवात, जमेल तितकं जोरात पण सुरक्षित, दोन फेऱ्या, सरासरी. वेळेत २० टक्के फरक पडला तर तो खरा धरतात. म्हणजे आधी आठ सेकंद लागत होते आणि आता पावणेदहा, तर न्यूरॉलॉजिस्टना कळवा. दहा मीटरच्या चाचणीत आधीच वेग घेतलेला असतो, इथे नसतो; दोन्हींचे वेग एकमेकांशी ताडून बघू नका.

सहा मिनिटांत एकूण अंतराबरोबर दर मिनिटाचं अंतर लिहा. हे करणारे फार थोडे दिसतात, आणि एम.एस.मध्ये खरं गुपित तिथेच असतं. पहिल्या मिनिटाला ६० मीटर आणि सहाव्याला ४५, म्हणजे पंचवीस टक्के घसरण. चौथ्या मिनिटाला पाऊल लोंबायला लागलं, बोटं घासायला लागली, हे दिसलं तर दोन मिनिटांत संपणाऱ्या दहा मीटरच्या चाचणीत सगळं ‘नॉर्मल’ का येत होतं तेही उलगडतं. फारच दमणाऱ्यांसाठी दोन मिनिटांची चालण्याची चाचणी आहे.

न्यूरॉलॉजिस्टच्या कागदावर ईडीएसएसचा, म्हणजे एम.एस.मुळे आलेल्या अपंगत्वाच्या मापनाचा आकडा असेल. शून्य ते दहा. चालण्याच्या बाबतीत एवढं पाठ ठेवा: ४.० म्हणजे आधाराशिवाय साधारण ५०० मीटर, ६.० म्हणजे एका बाजूच्या आधाराने १००, ६.५ म्हणजे दोन्ही बाजूंच्या आधाराने २०. तो आकडा आपण द्यायचा नसतो, पण आपण मोजलेलं अंतर त्याच्याशी जुळत नसेल तर सांगायचं असतं.

## ११. नोंद अशी लिहा

‘चाल सुधारत आहे, तोल मध्यम’ असली नोंद कुणाच्याच कामाची नाही. नमुना बघा:

*दहा मीटर चाचणी, मधले ६ मीटर. सकाळी १०:१५, नाश्त्यानंतर दीड तास. नेहमीचे बूट, उजव्या पायाला स्प्लिंट, डाव्या हातात काठी. हात न लावता, मागे देखरेख. नेहमीचा वेग: १४.८ आणि १५.२ से., सरासरी १५.०, म्हणजे ०.४० मी./से. जोरात: ११.९ आणि १२.१ से., सरासरी १२.०, म्हणजे ०.५० मी./से. दुसऱ्या फेरीत उजव्या पायाची बोटं एकदा अडली, स्वतः सावरले. गुडघा मागे झुकतो, पाय बाहेरून फिरवून पुढे आणतात.*

लिहायला दोन मिनिटं लागतात. उद्या तुम्ही रजेवर असलात तरी दुसऱ्याला हे जसंच्या तसं करता येईल. पेशंटची हरकत नसेल तर बाजूने आणि समोरून मोबाइलवर छोटा व्हिडिओ घ्या, लेखी संमती घेऊन, विभागाच्या नियमांप्रमाणे. स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नका.

## १२. पुन्हा मोजल्यावर फरक खरा की भास?

दोन दिवस लागोपाठ मोजलं तरी आकडा हलतो. त्या हलण्यापेक्षा मोठा फरक असेल तरच ‘सुधारणा’ हा शब्द वापरा. बर्गमध्ये बऱ्याच अभ्यासांत ही मर्यादा ५ ते ७ गुणांच्या आसपास येते, म्हणजे ३८ वरून ४० हे आनंदाचं असलं तरी पुरावा नव्हे. चालण्याच्या वेगात, पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, सेकंदाला ०.१६ मीटरची वाढ पेशंटलाही जाणवण्याइतकी धरतात. वरच्या नमुन्यातले काका ०.४० वरून ०.६० वर गेले, तर ते निर्धास्त लिहा.

वेग वाढला पण चाल जास्त वाकडी झाली, असंही होतं. पाय अजून बाहेरून फिरतोय, गुडघा अजून मागे जातोय, पण पोचतात लवकर. यावर सहकाऱ्यांशी माझे वाद होतात. माझं म्हणणं, गुडघा दुखत नसेल आणि पडत नसतील तर आधी पोचू द्या. दुसरी बाजूही चुकीची नाही; वर्षभराने तोच गुडघा घेऊन पेशंट परत येतो.

आकडा खाली गेला तर लगेच घाबरू नका. बूट तेच होते का, खुर्ची तीच का, रात्री झोप झाली का, औषध बदललं का, ताप आहे का, हे क्रमाने तपासा. सगळं सारखं असूनही एम.एस.च्या पेशंटचा आकडा पडलेला असेल, आणि नवी लक्षणं एक दिवसापेक्षा जास्त टिकलेली असतील, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टना फोन करा. फोनवर ‘बिघडलंय’ म्हणू नका. दोन तारखा आणि दोन आकडे सांगा.

पेशंट मात्र दरवेळी विचारणारच, ‘मॅडम, किती मार्क पडले?’ ५६ पैकी ४१ हे त्यांना परीक्षेसारखं वाटतं. त्याऐवजी त्यांनी सुरुवातीला स्वतः सांगितलेलं काम काढा आणि त्यावर बोला: ‘आजी, गेल्या महिन्यात खाली पडलेली वस्तू उचलताना मला धरावं लागत होतं, आज तुम्ही एकट्याने उचललीत. वळताना अजून धरायचं.’ घरी कोणत्या वेळी कुणी सोबत असायला हवं, तेही त्याच वेळी नातेवाइकांना स्पष्ट सांगा, आणि फाइलमध्ये लिहा.